हॅकिंगच्या नोकरीत अहवालच जास्त लिहावे लागतात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या करिअर पुरवणीतला एथिकल हॅकिंगवरचा लेख वाचला. मी बरीच वर्षं याच क्षेत्रात काम करतो. कंपन्यांच्या सांगण्यावरून त्यांच्याच यंत्रणांमध्ये शिरता येतं का ते तपासायचं, हे माझं काम. नव्याने येऊ पाहणाऱ्या मुलांच्या मुलाखतीही घ्याव्या लागतात. लेखात चुकीचं असं फारसं काही नाही. पण त्यात जे राहून गेलंय, नेमकं त्यावरच मुलाखतीत मुलं अडकतात, म्हणून हा पत्रप्रपंच.

लेखाचा सगळा भर टूल्सवर आहे. हॅकिंगची टूल्स सोबत घेऊन येणारी काली लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम टाका, नेटवर्क तपासणारं एनमॅप चालवा, त्रुटींतून आत शिरायचं मेटास्प्लॉइट शिका. टूल्स उत्तम आहेत, फुकटही आहेत. मात्र ग्राहक पैसे मोजतो ते शेवटी हातात पडणाऱ्या अहवालासाठी, आणि अहवाल कोणतंही टूल धडपणे लिहून देत नाही.

एक अगदी साधं उदाहरण घेऊ. एखाद्या संकेतस्थळावर लॉगिन करून आपण आपलं बिल उघडलं. वर पत्त्याच्या शेवटी १०४१ हा आकडा दिसतोय. त्याचा १०४२ केला, एंटर मारलं आणि भलत्याच माणसाचं बिल समोर आलं, नाव-पत्ता-फोनसकट. ही त्रुटी शोधायला ना काळा पडदा लागतो, ना टूल. तरीही ‘ओवॅस्प’ या संस्थेच्या वेब-त्रुटींच्या यादीत या जातीच्या चुका, म्हणजे ‘ब्रोकन ॲक्सेस कंट्रोल’, २०१७ साली पाचव्या क्रमांकावर होत्या आणि २०२१ मध्ये थेट पहिल्यावर आल्या.

सापडायला पाच मिनिटं लागली. खरं काम इथून पुढे. चाचणीसाठी दोन खाती मागून घ्यायची आणि एकाने लॉगिन करून दुसऱ्याचं बिल उघडून दाखवायचं. खऱ्या ग्राहकांची बिलं चाळत बसायचं नाही. चुकून एखादं उघडलंच तर तिथेच थांबायचं आणि पुराव्याच्या चित्रात नाव झाकायचं. मग लिहायचं: कोणत्या खात्यातून, कोणती विनंती पाठवली, सर्व्हरने काय उत्तर दिलं. पायऱ्या अशा हव्यात की वाचणाऱ्या डेव्हलपरला आपल्याला फोन न करता तेच करून पाहता आलं पाहिजे. तो हमखास म्हणणार, ‘पण दुसऱ्याच्या बिलाची लिंक आम्ही कुठे दाखवतच नाही.’ त्याला न दुखावता समजावायचं की ब्राउझर वापरणाऱ्याच्या हातात असतो, तो हवं ते पाठवू शकतो. बिल मागणाऱ्याचं ते स्वतःचंच आहे ना, हे सर्व्हरने प्रत्येक विनंतीच्या वेळी तपासायला हवं. १०४१ च्या जागी लांबलचक, अंदाज न येणारा क्रमांक टाकणं ही नुसती मलमपट्टी. आणि हे सगळं झालं की वर एक परिच्छेद, ज्यात एकही तांत्रिक शब्द नाही, कारण दुरुस्तीला माणसं आणि वेळ द्यायचा की नाही हे ठरवणारा साहेब तेवढाच वाचतो.

निबंध नको म्हणून संगणकाकडे वळलेल्या मुलांना हे ऐकून धक्का बसतो. त्याला माझा इलाज नाही.

दुसरी गोष्ट परवानगीची. लेखात ती एका वाक्यात उरकली आहे, पण सगळं क्षेत्र या एका कागदावर उभं आहे. मुलाखतीला येणारी काही मुलं मोठ्या अभिमानाने सांगतात की अमुक कॉलेजच्या साइटमध्ये शिरलो, काही बिघडवलं नाही, उलट त्यांना कळवलं. माझ्यासाठी मुलाखत तिथेच संपते. चावी न लावता दुसऱ्याच्या घरात जाऊन ‘मी काही घेतलं नाही’ म्हणण्यासारखं हे आहे, आणि बहुतेक देशांचा कायदाही त्याकडे तसंच पाहतो.

कागद हातात असूनही काय होऊ शकतं याचा किस्सा या धंद्यात सगळ्यांना पाठ आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात एका सुरक्षा कंपनीचे दोन तपासनीस रात्री न्यायालयाच्या इमारतीत शिरले. राज्याच्या न्यायविभागानेच त्यांना हे काम दिलं होतं. अलार्म वाजला, पोलीस आले, दोघांनी परवानगीचं पत्र दाखवलं. तेवढ्यात शेरीफ, म्हणजे काउंटीचे (आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचे) पोलीसप्रमुख, आले. त्यांचं म्हणणं असं की इमारत काउंटीच्या मालकीची आहे, राज्याला अशी परवानगी देण्याचा अधिकारच नाही. दोघं तुरुंगात गेले, घरफोडीचा आरोप लागला आणि खटला मागे घेतला जायला जानेवारी २०२० उजाडलं. परवानगी तर होतीच. प्रश्न ती देणाऱ्याच्या अधिकाराचा होता. म्हणून कामाआधीच्या करारात कोणते पत्ते, कोणती यंत्रणा, किती ते किती वाजेपर्यंत, अडचण आली तर रात्री फोन कुणाला, आणि सर्व्हर तिसऱ्याच कंपनीचा असेल तर तिची संमती आहे का, हे सगळं लिहून घेतात. नवख्याला हा भाग रटाळ वाटतो. मला विचाराल तर अभ्यासक्रमाचा पहिला धडा हाच असावा.

जुनी भानगड पाठ सोडत नाही, हेही मुलांना सांगायला हवं. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरातले संगणक कुलूपबंद केले, तेव्हा त्या विषाणूच्या आत दडलेलं एक डोमेन (संकेतस्थळाचं नाव) स्वतःच्या नावे नोंदवून त्याचा फैलाव थांबवला तो मार्कस हचिन्स या तरुणाने. तीनच महिन्यांत त्याला अटक झाली, वॉनाक्रायसाठी नव्हे, तर काही वर्षांपूर्वी बँक खाती लुटणारं मालवेअर लिहिल्याबद्दल. २०१९ मध्ये न्यायाधीशांनी त्याला पुन्हा तुरुंगात धाडलं नाही. पण सगळ्यांच्याच नावावर वॉनाक्राय थांबवल्याचं पुण्य जमा नसतं.

आता सुरुवात कुठून करायची. मी मुलाखतीत बहुतेक वेळा एनमॅपबद्दल एकच प्रश्न विचारतो: पोर्ट (जोडणीसाठी मशीनला असलेलं क्रमांकाचं दार) ‘क्लोज्ड’ दाखवतो आणि ‘फिल्टर्ड’ दाखवतो, यात फरक काय? टूल चालवलेलं सगळ्यांनी असतं. फरक मोजक्यांना सांगता येतो. आपण पोर्टवर जोडणीची विनंती, म्हणजे सिन पॅकेट, पाठवतो. तिथे कुणी ऐकत नसेल तर समोरचं मशीन रीसेट पाठवून सरळ नाही म्हणतं, तो क्लोज्ड. काहीच उत्तर आलं नाही, तर मध्ये बहुधा एखादी फायरवॉल बसून आपलं पॅकेट गिळतेय, तो फिल्टर्ड. ज्याला हे कळलं त्याला टीसीपी (दोन मशीन एकमेकांशी जोडणी कशी करतात त्याचे नियम) कळलाय, आणि त्याला बाकीची टूल्स शिकवायला वेळ लागत नाही. उलट्या वाटेने आलेल्याला मात्र दर पायरीला मागे यावं लागतं.

तेव्हा आधी नेटवर्क. ब्राउझरमध्ये पत्ता टाकल्यापासून पान दिसेपर्यंत काय काय घडतं, नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएसपासून संवाद गुप्त ठेवणाऱ्या टीएलएसपर्यंत, ते नेटवर्कवरची ये-जा दाखवणाऱ्या वायरशार्कमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं. मग लिनक्सची कमांड लाइन. त्यासाठी ‘ओव्हर द वायर’चा ‘बँडिट’ हा खेळ झकास आहे, एका पातळीचं कोडं सुटलं की पुढच्या पातळीचा पासवर्ड मिळतो. एखादी भाषा, पायथन चालेल. वेबसाठी पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकादमी फुकट आहे आणि महागड्या क्लासांपैकी पुष्कळांपेक्षा सरस आहे. सराव करायचा तो मुद्दाम कच्च्या ठेवलेल्या यंत्रणांवर, जसं ओवॅस्पचं ‘जूस शॉप’. ती आपल्याच संगणकावर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (संगणकातच दुसरा आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) बसवावी आणि तिचं नेटवर्क ‘होस्ट-ओन्ली’, म्हणजे फक्त आपल्या संगणकापुरतं, ठेवावं. नाहीतर मुद्दाम कच्चं ठेवलेलं मशीन आपण जगासाठी उघडं टाकून बसू.

प्रमाणपत्रांबद्दल पालक फार विचारतात. थोडक्यात सांगतो. ‘सीईएच’ची मूळ परीक्षा १२५ बहुपर्यायी प्रश्नांची, चार तासांची. ‘ओएससीपी’त २३ तास ४५ मिनिटं प्रत्यक्ष यंत्रणांमध्ये शिरून दाखवावं लागतं आणि त्यानंतर अहवाल लिहायला २४ तास मिळतात. शिरायला जेवढा वेळ, जवळजवळ तेवढाच लिहायला, हे पालकांनी ध्यानात घ्यावं. प्रमाणपत्रामुळे अर्ज एचआरच्या चाळणीतून खाली पडत नाही, हे खरं आहे. पण ‘सहा महिन्यांत हॅकर, नोकरीची हमी’ असं म्हणणाऱ्याला त्या हमीचा मजकूर लेखी मागावा, आणि मग काय उत्तर मिळतं ते बघावं.

लेखातून असं वाटतं की या क्षेत्रात शिरायचं म्हणजे हल्ला करणाऱ्यांच्या बाजूनेच शिरायचं. नोकऱ्या त्यापेक्षा कितीतरी जास्त बचावाच्या बाजूला आहेत: यंत्रणेच्या नोंदी (लॉग) पाहणं, त्रुटी बुजवणारे पॅच लावणं, कुणाला कशाचा ॲक्सेस आहे याचा हिशोब ठेवणं. रात्रपाळी करून अलर्ट तपासणारा सॉक ॲनालिस्ट, हेल्पडेस्कवरचा मुलगा, सर्व्हर सांभाळणारी ॲडमिन, यांतूनच पुढे चांगले तपासनीस होताना मी पाहिलेत, कारण यंत्रणा रोज कशी वागते ते त्यांना ठाऊक असतं. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या सगळीकडे वापरल्या जाणाऱ्या लिनक्स घटकात दडवलेलं चोरदार पकडलं ते अँड्रेस फ्रॉइंड यांनी. ते सुरक्षातज्ज्ञ नव्हते, पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे अभियंते होते. एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर जाण्याची सोय) लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढंच त्यांना खटकलं आणि ते मुळाशी गेले.

बचावाचं काम कंटाळवाणं असतं म्हणून ते कमी महत्त्वाचं, असं कुणी समजू नये. अमेरिकेतल्या इक्विफॅक्स कंपनीतून २०१७ मध्ये सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. अपाची स्ट्रट्स या वेबसाठीच्या सॉफ्टवेअरमधल्या ज्या त्रुटीतून चोर आत आले तिचा पॅच मार्चमध्येच निघाला होता. एका पोर्टलवर तो लावायचा राहिला. नेटवर्कवर नजर ठेवणारं उपकरणही होतं, पण त्याचं डिजिटल सर्टिफिकेट कित्येक महिने कालबाह्य होऊन पडलं होतं, त्यामुळे एन्क्रिप्टेड, म्हणजे सांकेतिक रूपात जाणारी, वाहतूक त्याला दिसतच नव्हती. जुलैअखेर नवं सर्टिफिकेट बसवलं आणि लगेच संशयास्पद हालचाल नजरेस आली. सर्टिफिकेटांच्या तारखा सांभाळणाऱ्याचा फोटो कुठल्याही पुरवणीत येत नाही.

बग बाउंटीबद्दलही दोन शब्द. हॅकरवन, बगक्राउड यांसारख्या ठिकाणी कंपन्या स्वतःहून नियम जाहीर करतात आणि त्रुटी दाखवणाऱ्याला बक्षीस देतात. शिकायला हे उत्तम, कारण परवानगी लेखी आणि सर्वांसाठी खुली असते. पण नियमांत कोणते पत्ते येतात आणि कोणते येत नाहीत ते शब्दन्‌शब्द वाचावं. तीच त्रुटी दुसऱ्या कुणी आधी कळवलेली असेल तर बहुधा हाती काही लागत नाही, तेव्हा घरखर्चाची मदार त्यावर ठेवू नये. आणि एआयकडून लिहून घेतलेले पोकळ अहवाल पाठवू नयेत. ‘कर्ल’ या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या प्रमुखांनी अशा अहवालांमुळे वैतागून जाहीर तक्रार केली आहे.

एक विनंती आहे. अनेक सुरक्षा कंपन्या आपले काही चाचणी अहवाल ग्राहकाच्या संमतीने जाहीर करतात. पुन्हा हा विषय घ्याल तेव्हा त्यातल्या एखाद्या अहवालाची दोन पानं मराठीत छापता आली तर पाहावं. मराठी करून द्यायचं काम मी आनंदाने करीन.

आपला नम्र,
एक वाचक