आईच्या रात्रपाळीला सोबत करणाऱ्या ताईंस

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

आईचे दिवसकार्य पार पडले, गावाकडची मंडळी परतली आणि आता तुम्हाला निवांतपणे लिहिता येते आहे. आभाराचे शब्द फोनवरही सांगता आले असते. परंतु आईचा शेवटचा काळ कोणामुळे समाधानात गेला, हे तिला ओळखणाऱ्या सर्वांना कळावे असे मनापासून वाटते, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहिते आहे.

लालबागच्या चाळीत आई 'खानावळवाल्या काकी' म्हणून ओळखली जाई. कोकणातून आणि घाटावरून आलेले, बायकामुलांना गावी ठेवून एकेका खोलीत दाटीने राहणारे गिरणी कामगार तिच्याकडे जेवत. गिरणी तीन पाळ्यांत चाले, त्यामुळे आमच्या घरचा स्टोव्हही फारसा विझत नसे. पहिल्या पाळीवाल्यांसाठी भाकऱ्या पहाटेच थापल्या जात आणि मध्यरात्री दुसरी पाळी सुटली की त्या माणसांना ऊन भातच मिळाला पाहिजे, हा तिचा हट्ट होता. ती बोलायला फटकळ आणि हिशेबाला चोख होती. जेवणाऱ्यांना ती त्यांच्या गावावरून हाक मारी. बांगड्याच्या कालवणाच्या दिवशी मधला चांगला तुकडा कोणाच्या ताटात पडतो, यावरून त्या आठवड्यात कोणाच्या घरून वाईट पत्र आले आहे, हे आम्हा मुलांना कळत असे.

प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या दारातून बँकेच्या दारात नेले. त्या बायकांमध्ये आईही होती. कर्जाच्या कागदावर अंगठा न उमटवता स्वतः सही केल्याचा अभिमान तिने अखेरपर्यंत बाळगला. तुम्हालाही ती सही तिने किती वेळा करून दाखवली असेल!

अशा बाईला स्मृतिभ्रंशाने गाठले. दिवसा ती बरी असे, पण रात्र पडू लागली की तिची घालमेल सुरू होई आणि अकराच्या सुमारास ती अंथरुणातून उठून म्हणे, "भात टाका गं, पाळी सुटेल आता." गिरण्या केव्हाच बंद झाल्या असे सांगितले की तिला ती बातमी प्रत्येक वेळी नव्याने कळे आणि ती रडे. अशा वेळी वाद घालू नये, असे डॉक्टरांनी सांगितलेच होते, पण वाद न घालता नेमके करायचे काय, हे तुम्ही दाखवलेत. दिव्याहून लोकलने येऊन रात्रीच्या ड्युटीवर बसणाऱ्या तुम्ही पहिल्याच आठवड्यात तिला विचारलेत, "काकी, आज किती माणसे जेवायला?" तिने आकडा सांगितला. तुम्ही तिच्यापुढे परातीत तांदूळ ठेवलेत आणि दोघी मिळून निवडत बसलात. हळूहळू तिचे हात शांत झाले, आणि मग स्वतःहूनच "आता पडते जरा" म्हणून ती झोपली. पुढे तो तुम्हा दोघींचा नेमच झाला. रुग्ण सांभाळणाऱ्या बाईचा पगार बारा तासांच्या हिशेबाने ठरतो. या समजुतीचे मोल त्यात कुठेही धरलेले नसते, हे मला फार खटकते.

तांदूळ निवडताना ती जे बोले, ते तुम्ही तुमच्या मुलीच्या शाळेच्या जुन्या वहीत टिपून ठेवत होतात, हे आम्हाला तेराव्याला कळले. त्या वहीत जेवणाऱ्यांची गावे आहेत, तिखल्याचे प्रमाण आहे, आणि संपाची हकिगतही आहे. 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी लहान होते. पगार थांबले, कित्येक कामगार गावी निघून गेले, जे राहिले त्यांची उधारी वाढत गेली, तरी आईने कोणाचे ताट बंद केले नाही, एवढेच मला ठाऊक होते. वाण्याचे बिल चुकवण्यासाठी तिने मंगळसूत्र गहाण टाकले आणि ते पुन्हा कधीच सुटले नाही, ही गोष्ट मात्र वडिलांखेरीज कोणाला माहीत नव्हती. तिच्या गळ्यात नेहमी नुसती काळी पोत का असे, याचे उत्तर मला तुमच्या अक्षरात वाचायला मिळाले. ते तिने पोटच्या मुलांना सांगितले नाही; ऐकल्यावर हळहळ न करता पुढचे विचारणाऱ्या तुम्हाला सांगितले. याबद्दल मला जरासुद्धा वाईट वाटत नाही. तिला मन मोकळे करायला योग्य माणूस मिळाले, याचा आनंदच आहे.

वहीची झेरॉक्स भावंडांना दिली आहे आणि मूळ वही माझ्याकडे जपून ठेवली आहे. तुम्हाला हवी असेल तेव्हा ती तुमचीच आहे. यंदा सुतकामुळे आमच्याकडे गणपती बसणार नाही. दिवाळीनंतरच्या एखाद्या रविवारी मात्र मुलीला घेऊन जेवायला या. दारात पाऊल टाकताच आई तुम्हाला "जेवलीस का?" असे विचारत असे. आता ते मी विचारीन, आणि वहीत लिहिल्याप्रमाणे केलेले बांगड्याचे तिखले तुम्हाला वाढीन.

आपली ऋणी,
काकींची थोरली