बोहारणीला साडी देण्याआधी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दसऱ्याच्या साफसफाईत माळ्यावरची ट्रंक खाली उतरते, जुन्या साड्यांचा ढीग होतो आणि दोन-चार साड्यांवर बोहारणीकडून स्टीलचा एखादा डबा घरात येतो. त्याच आठवड्यात बाजारातून तयार पडदे आणि उशांचे अभ्रेही येतात. याच सुमारास पुरवण्यांमध्ये घरसजावटीवर लेख असतात आणि त्यांत ‘जुन्या साड्यांचे पडदे शिवा’ असे एक वाक्य हमखास असते. वाक्य खरे आहे, पण त्यात माप नाही. त्याच्या भरवशावर कात्री चालवली की पडदा वीतभर आखूड होतो, जोडीतल्या एका पडद्यावर पदर येतो आणि दुसऱ्यावर येत नाही, नाहीतर पहिल्याच धुण्यात अस्तर आटून सगळीकडे चुण्या पडतात. आईची किंवा आजीची साडी कापायची असेल तर ती पहिल्या खेपेलाच नीट कापली गेली पाहिजे. म्हणून हे पत्र मापांसह लिहीत आहे.

आधी साडी उजेडात पाहावी. खिडकीसमोर दोघींनी ताणून धरली की विरलेली जागा लगेच दिसते. टाचेकडचा काठ, फॉलच्या शिलाईची रेषा, खांद्यावर पिना लागतात ती जागा आणि वर्षानुवर्षांची घडी, इथे साडी आधी जाते. शंका वाटेल तिथे दोन्ही अंगठे दोन इंचांच्या अंतरावर धरून कापड आडवे ओढावे. चर्र आवाज आला किंवा धागे सरकून जाळी दिसली, तर ती साडी टांगल्यावर स्वतःचेच वजन पेलणार नाही. तिची गोधडी करावी.

पडद्यासाठी सगळ्यात चांगल्या त्या थोड्या जाड अंगाच्या सुती साड्या. मालेगाव-इचलकरंजीच्या यंत्रमागावरची साधी पातळेही उत्तम. इरकलीबाबत मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पारंपरिक इरकलीचे अंग सुती आणि पदर रेशमी असतो, दोन्ही मागावरच एकमेकांत अडकवलेले असतात. हा सांधा पडद्याच्या मधोमध आला तर धुतल्यावर सूत एक आटते, रेशीम वेगळे आटते, आणि तिथेच कापड फुगते. पदर आधीच वेगळा काढावा. पैठणी किंवा खऱ्या जरीची कुठलीही साडी कापू नये आणि खिडकीत टांगूही नये. ऊन रेशमाचा नुसता रंग उडवत नाही, धागाच ठिसूळ करते. सिंथेटिक साडीचा रंग उन्हात जास्त टिकतो हे खरे, पण ती मशीनखाली सरकते आणि पेटली तर वितळून अंगाला चिकटते. ती खुशाल बोहारणीला द्यावी. गॅसच्या ओट्याजवळ आणि देवघरातल्या समईच्या टप्प्यात मात्र सुती पडदाही नको.

फॉल उसवून साडी साध्या पाण्यात रात्रभर भिजवावी आणि धुऊन खळ पूर्ण काढावी. खळ राहिली तर कसर लागते. रंग जातो की नाही हे पाहायला काठाचा कोपरा ओला करून पांढऱ्या कापडात दाबावा. डाग उमटला तर मिठाच्या पाण्यात बुडवून तो रंग पक्का होत नाही. अशा साडीला पांढरे अस्तर लावू नये आणि ती कायम वेगळी धुवावी.

आता माप. खिडकीचे नव्हे, रॉडचे माप घ्यायचे, तेही लोखंडी टेपने. शिंप्याची कापडी टेप वापरून वापरून लांबलेली असते. रॉड खिडकीच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच इंच बाहेर आणि चौकटीच्या चार इंच वर असावा, म्हणजे पडदा सरकवला की खिडकी पूर्ण उघडी होते आणि कडेने ऊनही येत नाही. पडद्यांची एकूण रुंदी रॉडच्या दीडपट हवी. मलमलीसारखे पातळ कापड असेल तर दुप्पट घ्यावी, नाहीतर चुण्या पडतच नाहीत आणि पडदा चादर वाळत घातल्यासारखा दिसतो.

चार फूट रुंद, चार फूट उंच खिडकी घेऊ. रॉड ५८ इंच, त्याची दीडपट ८७ इंच. साडीचा पन्हा, म्हणजे रुंदी, साधारण ४५ इंच, म्हणजे दोन पडद्यांचे ९० इंच होतात आणि पुरतात. उंचीचा हिशेब असा: खिडकी ४८, वर रॉडपर्यंत ४, खाली चौकटीच्या ६ इंच खाली, एकूण ५८. रॉडच्या वर एक इंचाची झालर धरली की ५९. वरच्या दुमडीला ४ आणि तळाच्या दुमडीला ४ मिळवले की कापायची लांबी ६७ इंच. दोन पडद्यांना १३४ इंच. पाचवारी म्हणतात ती साडी प्रत्यक्षात साडेपाच वार, म्हणजे १९८ इंच. ६४ इंच उरतात, पदर त्यातच येतो आणि दोन्ही पडदे सारखे निघतात.

दाराचे तसे नाही. सात फुटी दाराला जमिनीपासून एक इंच सोडून आणि झालर धरून तयार पडदा ८८ इंचांचा होतो, कापायला ९६ लागतात. दोन पडद्यांना १९२ इंच जातात, उरतात फक्त सहा. म्हणजे जोडीतल्या एका पडद्यात पदर येणारच. पदर अंगासारखाच साधा असेल तर अडचण नाही. भरीव असेल तर तो त्या पडद्याच्या तळाला घ्यावा आणि तो पडदा भिंतीच्या कोपऱ्याकडे लावावा; मुद्दाम केल्यासारखे दिसते आणि शोभतेही. नऊवारीचे ३२४ इंच असतात. तिच्यातून दाराचे तीन पडदे निघून ३६ इंच उरतात. पण साड्यांची लांबी आणि पन्हा कमी-जास्त असतो, म्हणून कापण्याआधी हातातली साडी मोजावी. बुट्टी एकाच दिशेची असेल तर प्रत्येक तुकड्याच्या वरच्या टोकाला खडूने खूण करावी. एक पडदा उलटा शिवला गेला की ते टांगल्यावरच कळते.

बुटक्या, रुंद खिडकीला साडी आडवी वापरता येते. वरचा काठ नेफ्यात, म्हणजे रॉड ओवायच्या दुमडीत, जातो, खालचा काठ आयता शेवट होतो, मधे सांधा येत नाही. तीन फुटांपेक्षा जास्त उंचीला मात्र हे करू नये, कारण वजन ताण्याऐवजी (लांबीतल्या धाग्यांऐवजी) बाण्यावर (रुंदीतल्या धाग्यांवर) येते आणि मऊ कापड हळूहळू झोळते.

पश्चिमेच्या किंवा दक्षिणेच्या खिडकीला अस्तर हवेच. नाहीतर दोन उन्हाळ्यांत रंग पट्ट्यापट्ट्यांनी उडतो. मांजरपाट, म्हणजे साधे जाडसर सुती कापड, यासाठी स्वस्त आणि उत्तम. सगळ्यात जास्त पडदे बिघडतात ते मात्र इथेच. कोरे मांजरपाट वारामागे इंच-दोन इंच सहज आटते. ते रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच कापावे. वर हिशेब केलेल्या चार फुटी खिडकीला ४८ इंची पन्ह्याचे साडेतीन मीटर पुरते. अस्तराचा तळ वेगळा दुमडावा, पडद्याच्या तळापेक्षा एक इंच वर ठेवावा आणि खाली दोन्ही एकमेकांना शिवू नयेत. फक्त वर आणि दोन्ही कडांना शिवावे. तळही जोडला तर दोन कापडे वेगवेगळी आटतात-सैलावतात आणि खाली पिशवी तयार होते.

वरच्या बाजूला रिंगा नकोत, नेफाच करावा. बाजारातल्या पडद्यांसारख्या आयलेटच्या रिंगा छान दिसतात, पण त्यासाठी कापडाला मोठी भोके पाडावी लागतात. आतून बक्रमचे कडक कापड घातले तरी जुने सूत त्या भोकांच्या कडेने फाटते. नेफ्यात वजन सगळ्या रुंदीवर वाटले जाते. चार इंचांच्या दुमडीतला अर्धा इंच आत मोडावा, साडेतीन इंचांवर एक शिलाई घालावी आणि वरच्या टोकापासून एक इंच खाली दुसरी. मधला अडीच इंचांचा नेफा एक इंची रॉडला मोकळा बसतो. तळाला दोन-दोन इंचांची दुहेरी दुमड करावी. तिच्या वजनाने पडदा सरळ पडतो, आणि पुढे कापड आटलेच तर ती उसवून लांबी वाढवता येते. मशीनला ११ नंबरची सुई लावावी, अस्तरासह शिवताना १४ नंबरची, आणि टाका इंचाला आठ-दहाच. बारीक दाट टाके जुन्या कापडाला टोचून टोचून फाडण्याची रेघ तयार करतात. शिंप्याकडे दिले तरी हे आवर्जून सांगावे, कारण नव्या कापडाच्या सवयीने टाका बारीकच ठेवला जातो.

रॉड लावताना चौकटीच्या वर बहुतेक ठिकाणी काँक्रीटचा लिंटेल, म्हणजे आडवी तुळई, लागतो. साधे ड्रिल तिथे घसरते आणि आजूबाजूचे प्लास्टर फोडते. हॅमर ड्रिल आणि सहा मिलिमीटरचे बीट घ्यावे, प्लॅस्टिकची गिट्टी बसवून दीड इंची स्क्रू मारावा. भोक मोठे झाले तर काडेपेटीच्या काड्या कोंबू नयेत, पांढऱ्या सिमेंटने भरून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाडावे. रॉड पाच फुटांपेक्षा लांब असेल तर मधे तिसरा ब्रॅकेट लागतोच. भाड्याच्या घरात भोके पाडायची नसतील तर चौकटीच्या आत अडकणारा स्प्रिंगचा रॉड चालतो, पण त्यावर बिनअस्तराचा हलका पडदाच राहतो.

खिडकीचे दोन पडदे काढून पाचवारीत उरलेल्या ६४ इंचांत १६ इंची उशांचे तीन अभ्रे होतात. एका अभ्र्याला १७ बाय ३९ इंचांची पट्टी लागते: पुढचा भाग १६, मागचा १६, मागे एकमेकांवर येणारा ६ आणि दुमडीला १. पट्टी साडीच्या रुंदीत कापली की तिच्या एका टोकाला काठ येतो. तो मागच्या तोंडाशी ठेवावा, तिथे दुमड लागत नाही आणि चेनही लागत नाही.

खणाचा तुकडा किंवा इरकलीचा पदर भिंतीवर लावायचा असेल तर तो पुठ्ठ्यावर गोंदाने चिकटवू नये. गोंद वर उमटतो आणि कडक डाग पडतो. ८ बाय १० इंचांच्या फ्रेमला ११ बाय १३चा तुकडा घ्यावा, पुठ्ठ्यावर पसरून मागच्या बाजूने समोरासमोरच्या कडा दोऱ्याने ओढून आवळाव्यात, आधी लांब बाजू, मग आखूड. फ्रेमच्या मागे चारी कोपऱ्यांना बुचाचे छोटे तुकडे लावावेत, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते. पावसाळ्यात ओल येणाऱ्या भिंतीवर कापड, फोटो, काहीच टांगू नये. आधी गळती काढावी. ओल झाकण्यासाठी लावलेली वस्तू महिन्याभरात बुरशी धरते.

जी साडी ओढून पाहताना फाटली ती गोधडीला. वर-खाली त्यातल्या त्यात धड साड्या, आत दोन-तीन थर जुन्या कापडांचे, सगळे सुतीच. गोधडी बिघडते ती मधे फुगा आल्याने. कडेपासून आत शिवत गेले की सगळा सैलपणा मध्यावर जमा होतो. म्हणून थर जमिनीवर पसरून आधी मधून बाहेर, वीत-वीत अंतरावर लांब कच्चे टाके घालावेत, मगच कडेपासून धावदोरा सुरू करावा, दोन ओळींत बोटभर अंतर ठेवून. मोठ्या नेढ्याची सुई घ्यावी आणि दोरा फार ओढू नये. ओढला की गोधडी आक्रसते. भिंतीवर लावायची असेल तर मागे वरच्या कडेला चार इंची कापडी नळी शिवून तिच्यात काठी घालावी. कोपऱ्यांना कड्या लावल्या तर दोन वर्षांत मधला भाग लोंबतो.

या सगळ्यात विकत घ्यावे लागते ते एवढेच: रॉड, ब्रॅकेट, गिट्ट्या-स्क्रू, अस्तर, दोरा. शिंपी बहुधा पडद्यामागे शिलाई सांगतात, म्हणून किती पडदे आणि अस्तरासह की बिनअस्तराचे हे आधीच ठरवून दर विचारावा.

आपल्याला विनंती एकच आहे. यंदाच्या दिवाळी पुरवणीत घरसजावटीच्या लेखासोबत मोठ्या छायाचित्राऐवजी पाव पानाचे एक कोष्टक छापावे: खिडकीची किंवा दाराची रुंदी-उंची, रॉडची लांबी, कापायची लांबी, पाचवारीतून किती आणि नऊवारीतून किती पडदे. तीन, चार आणि पाच फुटी खिडकी आणि सात फुटी दार, एवढ्या चार ओळी पुरेत. ते कोष्टक कापून शिलाई मशीनच्या खणात ठेवता येईल.

आपली,
शिवणवर्गात शिकवणारी एक वाचक,
सांगली