बिनविरोधसाठी वर्गणी चालते, मग उभं राहण्यासाठी का नको?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ग्रामपंचायतीच्या निवडणुका आल्या की 'गावाने एकोप्याने निवडणूक बिनविरोध केली' अशा बातम्या येतात, खाली गुलालाने माखलेल्या मंडळींचा फोटो. शिरोळ आणि हातकणंगले तालुक्यांत ग्रामसेवक म्हणून नोकरी करून मी निवृत्त झालो. हा एकोपा कसा शिजतो ते मी जवळून पाहिलंय, म्हणून हे पत्र.

अर्जासोबत लागणारे थकबाकी नसल्याचे आणि शौचालयाचे दाखले आमच्याच टेबलावरून जायचे. त्यामुळे कुणाच्या मनात काय आहे ते गावाच्या आधी मला कळायचं. वर्षानुवर्षं घरपट्टी थकवलेला माणूस सकाळी सकाळी पैसे घेऊन दारात उभा राहिला, की समजायचं. त्यांत चांगली माणसं असायची. निवृत्त मास्तर, डेअरीत प्रामाणिकपणे माप टाकणारा पोरगा, एखादी अंगणवाडी मदतनीस. माघारीच्या दिवशी दुपारी तीनच्या आत यांतल्या बऱ्याच जणांना जीपमध्ये घालून तहसील कचेरीत आणलं जायचं. मारहाण वगैरे काही नाही हो. भावकीतला कुणी थोरला खांद्यावर हात ठेवून आत न्यायचा, सही व्हायची, बाहेर चहा. दुसऱ्या दिवशी तोच माणूस गुलालाच्या फोटोत.

याची टोकाची तऱ्हा अख्ख्या महाराष्ट्राने पाहिली. जानेवारी २०२१ च्या निवडणुकीआधी नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात सरपंचपदाची बोली २ कोटी ५ लाखांवर गेली, नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीत ४२ लाखांवर. पैसा देवळाच्या कामाला जाणार होता म्हणे. राज्य निवडणूक आयोगाने दोन्ही ठिकाणची निवडणूक रद्द केली, ते बरं केलं. पण त्याच सुमारास काही आमदार जाहीर करत होते, 'बिनविरोध करा, गावाला एवढे लाख देतो.' त्याला मात्र कुणी लिलाव म्हटलं नाही.

म्हणजे कुणी उभं राहू नये यासाठी पैशाचा वायदा आपल्याकडे राजरोस चालतो. माझा प्रश्न साधा आहे. कुणीतरी उभं राहावं यासाठी लोकांनी वायदा केला तर?

आमच्या शेजारच्या एक वहिनी बचत गटाचा हिशेब सांभाळतात. बँकेचा अधिकारी त्यांच्या वहीत चूक शोधायला बसला आणि स्वतःचीच बेरीज सुधारून गेला, अशी त्यांची ख्याती. सरपंचपद या खेपेला महिलेसाठी आहे. गटातल्या बायका त्यांच्या मागे लागल्या. त्या मला म्हणाल्या, "भाऊसाहेब, उभी ऱ्हातो की. पण पैसं कुणी घालायचं? आमच्या हेंनी म्हशी इकायच्या का?"

मग गटातल्या बायकांनी एक वेगळी वही घातली. आज कुणी पैसे द्यायचे नाहीत, फक्त आकडा लिहायचा आणि पुढे अट. 'माघार घेतली नाही तर ३०० रु.' 'कुठल्याही पॅनेलच्या चिठ्ठीत नाव गेलं नाही तर २०० रु.' एका आजीची अट तर मला फार आवडली, 'मटणाच्या जेवणावळी घातल्या नाहीत तरच ५० रु., घातल्या तर मीच विरोधात.' इचलकरंजीत छपाईचं काम करणाऱ्या एकाने पैशाऐवजी हँडबिलं छापून देतो असं लिहिलंय. (त्याला मी सांगितलं, बाबा, वस्तू दिलीस तरी ती बाजारभावाने खर्चात धरावी लागते. निकालानंतर तीस दिवसांत हिशेब नाही दिला तर पाच वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येतं.) माघारीची मुदत टळली, अर्ज कायम राहिला, की पैसे गोळा करायचे. नाही राहिला, तर कुणी कुणाचं देणं लागत नाही.

रक्कम फार मोठी नाही. पण ती वही दाखवल्यापासून वहिनींच्या घरातला सूर बदललाय. पैशाचा घोर असतोच, त्याहून मोठी भीती असते ती पडल्यावर गाव हसेल याची. आपल्या मागे किती जण खरंच आहेत, हे अर्ज भरण्याआधी कागदावर दिसलं की ती भीती निम्म्याने उतरते. पॅनेलवाले नेमकी ही मोजणी होऊ देत नाहीत.

आपल्या भागाला हे अगदी नवं आहे असंही नाही. 'एक नोट, एक व्होट' म्हणत ऊस उत्पादकांनी वर्गणी काढली आणि राजू शेट्टी २००४ ला शिरोळमधून विधानसभेत आणि २००९ ला हातकणंगल्यातून लोकसभेत गेले. त्यांचं पुढचं राजकारण कुणाला पटो न पटो, ती निवडणूक लोकांच्या खिशातून झाली होती. फरक एवढाच की तिथे माणूस आधीच मैदानात होता. इथे त्याला मैदानात आणायचं आहे.

अमेरिकेत हे इंटरनेटवर झालंय. तिथे क्राउडपॅक नावाच्या संकेतस्थळावर, अजून उभ्याही न राहिलेल्या माणसासाठी रक्कम कबूल करता यायची आणि तो उभा राहिला तरच ती खात्यातून कापली जायची. २०१८ मध्ये मेन राज्यात लोकांनी याला वेगळं वळण दिलं. अट अशी: सिनेटर सुझन कॉलिन्स यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तीपदासाठी ब्रेट कॅव्हनॉ यांच्या बाजूने मत दिलं, तर पैसे २०२० मधल्या त्यांच्या प्रतिस्पर्ध्याला, तो कोण असेल ते तेव्हा ठरलंही नव्हतं. कॉलिन्सबाईंनी याला लाच म्हटलं आणि मत कॅव्हनॉ यांनाच दिलं. जमलेले ३५ लाखांहून जास्त डॉलर पुढे कॉलिन्सबाईंच्या विरोधात उभ्या राहिलेल्या सारा गिडियन यांना मिळाले. त्या पडल्या, ५१ विरुद्ध ४२ टक्के, आणि मोहीम संपली तेव्हा त्यांच्या खात्यात दीड कोटी डॉलरच्या आसपास रक्कम पडून होती. मला विचाराल तर ती वर्गणी कुणाला तरी पाडण्यासाठी होती, कुणाला उभं करण्यासाठी नव्हती. रागाचा पैसा लवकर जमतो. आमच्या वहीत तो घ्यायचा नाही असं ठरलंय.

आता अडचण. भारतीय न्याय संहितेत 'निवडणूक हक्क' या शब्दांत मत देण्याबरोबर उमेदवार म्हणून उभं राहण्याचा, न राहण्याचा आणि माघार घेण्याचा हक्कही येतो. तो कुणी बजावावा म्हणून लाभ देणं ही लाच, शिक्षा एक वर्षापर्यंत. म्हणजे माघारीसाठी पैसे देणारा गुन्हेगार, ते ठीकच. पण अक्षरशः वाचलं तर वहिनींनी उभं राहावं म्हणून ५० रुपये कबूल करणारी आजीही त्यात सापडते! उलट सार्वजनिक कामाचं आश्वासन देणं हा गुन्हा नाही असं त्याच कलमात लिहिलंय, त्यामुळे लाखांची घोषणा करणारे आमदार सुटतात. लोकसभा-विधानसभेच्या कायद्यात निदान एवढी सोय आहे की निवडणुकीचा खराखुरा, हिशेबात दाखवलेला खर्च लाभ धरला जात नाही. ग्रामपंचायतीच्या उमेदवाराने काय समजायचं?

दुसरी अडचण कायद्याबाहेरची. वहीतली नावं समोरच्या पॅनेलच्या हाती लागली तर ऊसतोडीची टोळी तुमच्या फडात सगळ्यांत शेवटी येते, पाणंद अचानक बंद होते, सोसायटीच्या कर्जाचा कागद हरवतो. हे मी ऐकीव सांगत नाही. म्हणून वही कुणाकडे ठेवायची यावर गटात बराच खल झाला आणि शेवटी ती गावाबाहेर राहणाऱ्या एका माहेरवाशिणीकडे गेली. एका नावापुढे ५०० च्या वर आकडा नको, असंही मीच आग्रहाने लिहायला लावलं. नाहीतर ज्याचे पन्नास हजार, त्याचाच सरपंच.

जानेवारी २०२१ मध्ये निवडून आलेल्या ग्रामपंचायतींची मुदत संपली आहे. नव्या निवडणुकांच्या आचारसंहितेत राज्य निवडणूक आयोगाने दोन गोष्टी स्पष्ट कराव्यात, अशी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे. अर्ज कायम राहिल्यावर, ठरावीक मर्यादेत, थेट उमेदवाराच्या निवडणूक खात्यात जमा होणारी आणि हिशेबात दाखवलेली लोकवर्गणी लाच धरू नये. आणि बिनविरोध झाल्यास गावाला निधी देण्याची घोषणा, मग ती कुणीही करो, आचारसंहितेचा भंग मानावी. पहिली सूचना मान्य झाली नाही तरी निदान दुसरी व्हावी. मात्र पहिलीचं उत्तर अर्ज भरण्याची तारीख लागण्याआधी मिळालं तर बरं, कारण वहिनींनी मला तेच विचारलंय आणि माझ्याकडे लेखी दाखवायला काही नाही.

आपला,
एक निवृत्त ग्रामसेवक, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर
(कारण वर दिलंच आहे, नाव छापू नये.)