काळा रंग आवडला म्हणून मूल निराश ठरवू नका

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मी ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. गेल्या महिन्यात शेजारची एक आई हातात कागद घेऊन माझ्याकडे आली. डोळे भरलेले. तिच्या सातवीतल्या मुलाच्या शाळेत 'व्यक्तिमत्त्व चाचणी' झाली होती, प्रत्येकी ३०० रुपये घेऊन. रंगांचे आठ चौकोन आवडीच्या क्रमाने लावायचे, एवढंच. मुलाने काळा पहिला लावला. अहवालात आलं : 'नशिबाविरुद्ध बंड, नैराश्याकडे कल.'

मी मुलालाच विचारलं. "आजी, आमच्या रेडकाचा रंग हाय त्यो," म्हणाला.

ही चाचणी मॅक्स ल्युशर या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात मांडली. मूळ संचात ७३ रंगछटा होत्या. पसरला तो आठ रंगांचा छोटा संच, विशेषतः १९६९ साली त्याचा इंग्रजी अनुवाद निघाल्यावर. त्यात गडद निळा म्हणजे शांतता, काळा म्हणजे नकार. काळा पहिला लावणारा नशिबाशी भांडतोय, हा अर्थही तिथलाच. म्हणजे अहवालातलं ते वाक्य या मुलाला बघून कुणी लिहिलेलंच नाही! ज्या मुलुखात संक्रांतीला हौसेने काळी चंद्रकळा नेसतात आणि विठोबाला काळा म्हणूनच लाडाने हाक मारतात, तिथल्या पोराला हा अर्थ का चिकटवायचा?

शिवाय या चाचणीचा सगळा डोलारा ठरावीक छटांवर उभा आहे. शाळेने वाटलेला कागद मी खिडकीशी नेऊन उजेडात पाहिला. गडद निळा जांभळ्याकडे झुकलेला. हिरव्यात निळ्याची झाक हवी, तर तो चक्क पोपटी. करड्यावर गुलाबी छटा. प्रिंटरची एखादी शाई संपत आली की असं होतं, आणि त्या कागदावरून मुलांची मनं वाचली गेली.

१९८४ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ही चाचणी एमएमपीआय या मानसशास्त्रातल्या रुळलेल्या प्रश्नावलीशी ताडून पाहिली. दोन्हींचे निष्कर्ष फारसे जुळले नाहीत. तरी पालक म्हणतात, "आमच्या मुलीचं अगदी बरोबर आलं हो!" याचं उत्तर १९४८ सालच्या एका प्रयोगात आहे. बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'तुमचं वर्णन' म्हणून एकच मजकूर दिला. तो फोररने ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलला होता. विद्यार्थ्यांनी त्याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले.

मुलं रंग कसा निवडतात ते मी वर्गात रोज पाहिलंय. पिवळा खडू मोडला की सूर्य नारिंगी होतो. शेजारणीने जांभळा घेतला की हिलाही जांभळाच हवा.

परवा हा मुलगा माझ्याकडे चित्र काढत बसला होता. म्हैस तपकिरी रंगवली. खडूच्या डबीत काळा होता, चांगला अख्खा. का रे, म्हटलं. खाली मान घालून म्हणाला, "काळा घेतला की आई रडती."

मूल खरंच गप्प गप्प राहत असेल, जेवत नसेल, तर त्याला जाणकार डॉक्टरांकडे जरूर न्यावं. पण रंगीत चौकोनांसाठी पालकांनी पैसे भरू नयेत. आणि भरले असतील, तर तो अहवाल मुलाच्या शाळेतल्या नोंदीत राहू देऊ नये. या मुलाच्या आईने तसा लेखी अर्ज मुख्याध्यापकांकडे दिला आहे. उत्तर अजून आलेलं नाही.

– एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, कराड