मागावर बसवायची भीती कशाला घालता, माग दाखवा की!

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात पोरीचा सातवीच्या कॉम्प्युटर टेस्टचा अभ्यास घेत होतो. "संगणकाला फक्त शून्य आणि एक कळतं" हे वाक्य ती घडाघडा म्हणत होती, पण म्हणजे काय गं, विचारलं की गप्प. मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारा, आहे, शिक्षण दहावी, मलापण शब्दात सांगता येईना. मग सुट्टीच्या दिवशी तिला कारखान्यात नेलं आणि जेकार्डाखाली, म्हणजे मागावरच्या नक्षी पाडणाऱ्या यंत्राखाली, उभं केलं.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. मागाच्या वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरत असते, एक कार्ड म्हणजे एक आडवा धागा. जिथं भोक आहे तिथं सुई आत जाते, हुक वर उचलला जातो, त्याच्यासोबत उभा धागा वर येतो, आणि भोक नसलं की सुई मागं ढकलली जाते, धागा खालीच राहतो. मग मधून आडवा धागा घेऊन धोटा जातो. चादरीवरचा मोर असा एकेक ओळ करत उतरतो. पोरीनं एका भोकात करंगळी घातली आणि म्हणाली, "नाना, म्हणजे भोक असलं की एक आणि नसलं की शून्य?" आठ दिवस पाठ करून जे डोक्यात शिरलं नव्हतं ते तिला तिथं कळलं.

नंतर तिला एक चुकलेलं कार्ड दाखवलं. एकच भोक जादा पडलेलं, तर चादरीवरच्या प्रत्येक मोराच्या मानेवर त्याच जागी ठिपका. भोकावर कागदाची चिकटी लावली की दोष गेला. प्रोग्राममधला बग शोधायचा म्हणतात ते हेच की.

आणि हे मी ओढूनताणून जोडत नाहीये. फ्रान्समधल्या जाकार यांनी १८०४ च्या सुमाराला हा माग आणला, जेकार्ड हे नाव त्यांचंच, त्याच्या कार्डांवरून इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेजनी आपल्या गणिती यंत्राला कार्डं लावायचं ठरवलं, १८४३ मध्ये एडा लव्हलेसनी लिहिलं की माग जशी फुलंपानं विणतो तसं हे यंत्र बीजगणित विणतं. अमेरिकेची १८९० ची जनगणनासुद्धा भोकाच्या कार्डांवर मोजली. एवढा सगळा इतिहास आमच्या पूर्व भागात गल्लीगल्लीत खडखडत असतो आणि शाळेत मात्र पोरांना काय ऐकवतात, "अभ्यास केला नाही तर मागावर बसाल." माझ्या वडिलांनीपण मला हेच ऐकवलं, तेलुगूत, "मग्गम" म्हणून. परवा पोरीनं शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय "खाजगी नोकरी" लिहिला, तेव्हा फार वाईट वाटलं.

पोरीनं मागावर बसावं असं मलाही वाटत नाही. पगार कमी, आवाजानं कान जातात, ते मी भोगतोय. पण मजुरी कमी आहे म्हणून त्या कामात अक्कल लागत नाही असं कुणी समजू नये.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराशिवाय गावातल्या कारागिरांकडं शिकायला पाठवा असं लिहिलंय. सोलापुरातल्या शाळांनी त्यातले दोन दिवस कारखान्याला द्यावेत, आणि सोबत गणिताचे आणि कॉम्प्युटरचे शिक्षक यावेत, नुसती सहल नको. पोरांना आलेखाच्या कागदावर चौकटी रंगवून डिझाईन काढायला लावा, मग त्याची कार्डं पाडून बघू द्या. आता इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आल्यापासून जुन्या माळा रद्दीत चालल्यात, त्याआधी प्रत्येक शाळेत एक तरी टांगली जावी. आमचे मालक एक माळ फुकट द्यायला तयार आहेत, मी विचारलंय. कुठल्या शाळेला हवी असेल तर तुमच्या ऑफिसात माझा नंबर देऊन ठेवलाय, मी स्वतः येऊन टांगून देईन आणि कशी चालते तेपण दाखवीन.

आपला,
एक जॉबर, सोलापूर