खुर्ची तुमच्यासाठी ठेवली होती, ताई

ताई, नमस्कार.

आमच्या गावच्या शाळेतल्या पोरांसोबत काम करून तुम्ही गेल्यावर लगेच लिहीन म्हटलं होतं, पण कापसाची वेचणी लागली आणि राहून गेलं. आता पऱ्हाटी उपटून झाली आहे, जरा टेकायला वेळ मिळाला. मुद्दामच सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुम्हाला एकटीला लिहिलं असतं तर "मी कुठं काय केलं, सगळं मुलांनीच केलं" म्हणून मोकळ्या झाल्या असत्या.

तुमच्या आधीही आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात 'मुलांमधून नेतृत्व घडवायला' मंडळी येऊन गेली. नाव घेत नाही. गाडीतून बॅनर उतरला, पोरांना पिवळे टी-शर्ट वाटले, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या. गावाची समस्या काय, ते त्यांनीच सांगितलं: प्लास्टिक. उपायही त्यांनीच सांगितला: रॅली. फोटो निघाला, गाडी गेली. ते टी-शर्ट घरातली मोठी माणसं आता फवारणीला घालतात, एवढा उपयोग झाला खरा.

तुम्ही आलात तेव्हा बॅनर नव्हता, म्हणून आम्हाला जरा शंकाच आली. त्यात तुम्ही वर्गात काही शिकवलं नाही. पोरांना सार्वजनिक नळावर नेऊन बसवलंत आणि सांगितलंत, नुसतं पाहा, कोणाला काय जड जाते ते पाहा, मग विचारा. आमच्याच जिल्ह्यात, वर्ध्याला, १९३७ साली गांधीजींनी परिषद भरवून हाताच्या कामातून शिकवायची नई तालीम मांडली. २०२० च्या शैक्षणिक धोरणात डिझाइन थिंकिंगचंही, म्हणजे आधी माणसाची अडचण समजून घेऊन मग उपाय करून पाहायच्या पद्धतीचंही, नाव आहे म्हणतात. असेल. आमच्या पोरांच्या हाती मात्र तोवर खडूच होता.

नळ दिवसाआड येतो. त्यावर गावात एकच चर्चा चालायची, नवी टाकी कधी होते. पोरांना दिसलं ते वेगळंच. शेजारच्या म्हाताऱ्या काकू पाण्याचा गुंड, म्हणजे पितळी घडा, भरून तिथंच उभ्या राहत, कोणीतरी डोक्यावर उचलून देईल म्हणून. पंधरा लिटरचा गुंड म्हणजे पंधरा किलो पाणी, वर पितळेचं वजन. माझ्या पोरीनं विचारलं तर काकू म्हणाल्या, "पानी भेटते वो माय, पन खालून उचलता येत नाई. कंबर उठत नाई." आम्ही बाया रोज त्याच नळावर जातो. आमच्यापैकी कोणीच त्यांना कधी विचारलं नव्हतं.

मग नळाजवळ ओटा हवा असं पोरांनी ठरवलं. तुम्ही गवंड्याला बोलावू दिलं नाही. मातीनं भरलेली पोती एकावर एक रचायला लावलीत आणि काकूंनाच बोलावलंत. काकूंनी पाहिलं नि म्हणाल्या, "हे तं छातीले लागते रे पोट्टेहो!" पोरांनी स्वतःच्या अंदाजानं रचलं होतं. एक थर काढला. मग गुंड ठेवला तर तो घरंगळला, कारण त्याचं बूड गोल. पोरं रडवेली झाली आणि तुम्ही हसत होतात, "बरं झालं, सिमेंट ओतायच्या आधी कळलं." आज त्या ओट्यात गुंड बसेल असे दोन खळगे आहेत आणि नळाला गुंडापर्यंत पोचणारा पाइप आहे.

अहमदाबादच्या रिव्हरसाइड शाळेच्या किरण बीर सेठी यांनी २००९ मध्ये हे, मुलांनीच अडचण शोधून सोडवायचं, काम सुरू केलं, असं तुम्ही सांगितलंत. आधी मनाला लागू द्या, मग कल्पना लढवा, करून पाहा, आणि इतरांना सांगा. चारही पायऱ्या माझ्या पोरीला तोंडपाठ आहेत. मला लक्षात राहिलेली गोष्ट त्या चारांत कुठं बसते, कोण जाणे.

२ ऑक्टोबरची ग्रामसभा. पोरांना ओट्याचं तिथं सांगायचं होतं. तुमच्यासाठी पुढं प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती, हार आणला होता. सरपंच म्हणाले, "मॅडम, आता तुमीच समजावून सांगा." माझी पोरगी बुटकी, टेबलामागं नुसती वेणी दिसत होती. तुम्ही ती खुर्ची उचललीत, टेबलामागं नेलीत आणि तिला वर चढवलंत. खुर्चीचा एक पाय लचकलेला. तो धरून तुम्ही खाली बसलात, ती बोलून होईपर्यंत. पुढच्या रांगेतल्यांना तुम्ही दिसतही नव्हता. एकानं मध्येच तिला "पोरी, अभ्यास कर" म्हणून दटावलं, तरी तुम्ही तिच्या वतीनं उत्तर दिलं नाही. तिनंच दिलं. "काका, तुमच्या घरी पानी कोन भरते?" सभेतल्या बाया हसल्या तशा मी कधी हसताना पाहिल्या नव्हत्या.

ठराव-बिठरावाचं पुढं काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. मला आठवते ती धुळीनं भरलेली तुमची साडी. बोलणाऱ्या पोराची खुर्ची धरून खाली बसणारा मोठा माणूस आमच्याकडं फार पाहायला मिळत नाही. लेकराच्या तोंडचा माइक काढून घेणारे ढीगभर. तुम्ही हारही काकूंना घालायला लावलात, आणि त्या लाजून पदराआड झाल्या.

एक तक्रार मात्र आहे. ही पोरगी आता घरात कशालाही हात लावू देत नाही. वही घेऊन आधी प्रश्न. शेगडी इथंच काहून? आजीले वाकावं काहून लागते? मागल्या आठवड्यात तिनं बापाला मोरीची पायरी फोडायला लावली, कारण आजी तिथं ठेचकाळते. आता तिची नजर गोठ्यावर आहे आणि बैलांना प्रश्न कसे विचारायचे ते तिला कळत नाही. तेवढं फोनवर सांगा, आणि वेळ काढून या. वडाभात करीन.

तुमची,
नळाजवळच्या घरातली, खुर्चीवर उभ्या राहिलेल्या पोरीची आई