"दोन्ही बाजू शिकवा" म्हणणाऱ्यांनी डोव्हरची केस वाचावी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्याकडे एका वाचकाचं पत्र आलं होतं, की डोळ्यासारखी गुंतागुंतीची गोष्ट आपोआप होणं शक्यच नाही, त्यामागे कोणीतरी बुद्धिमान रचनाकार असणारच, म्हणून शाळेत उत्क्रांतीबरोबर इंटेलिजंट डिझाइनही शिकवा आणि काय खरं ते मुलांना ठरवू द्या. ऐकायला रास्त वाटतं, पण ही मागणी अमेरिकेत कोर्टात तपासून झालीय आणि तिथे काय झालं ते आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही म्हणून लिहितोय.

पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या स्कूल बोर्डाने २००४ मध्ये ठराव केला की नववीच्या बायोलॉजीच्या तासाला आधी एक निवेदन वाचायचं, डार्विनच्या सिद्धांतात त्रुटी आहेत, दुसरं स्पष्टीकरण हवं तर इंटेलिजंट डिझाइनचं पुस्तक उपलब्ध आहे. सायन्सच्या शिक्षकांनी ते वाचायला सरळ नकार दिला, ११ पालक कोर्टात गेले. पालकांच्या बाजूचे पहिले साक्षीदार केनेथ मिलर, बायोलॉजीचे प्राध्यापक आणि श्रद्धाळू कॅथलिक. त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. माणसात क्रोमोसोमच्या (पेशीतल्या डीएनएच्या धाग्यांच्या) २३ जोड्या, चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान यांच्यात २४. आता आपला पूर्वज एकच असेल तर एक जोडी गेली कुठे? नुसती नाहीशी होऊ शकत नाही, म्हणजे दोन क्रोमोसोम एकमेकांना चिकटले असणार, आणि तसं असेल तर एरवी फक्त टोकाला सापडणारा डीएनए एखाद्या मानवी क्रोमोसोमच्या मधोमध सापडायला हवा. सापडला, दोन नंबरच्या क्रोमोसोममध्ये! नसता सापडला तर उत्क्रांतीवाले अडचणीत आले असते. इंटेलिजंट डिझाइनने असं अंगावर घेऊन काय सांगितलंय? रचनाकाराने तसं केलं असेल, एवढंच, मग काहीही सापडलं तरी ते बरोबरच.

दुसऱ्या म्हणजे स्कूल बोर्डाच्या बाजूचे मुख्य तज्ज्ञ बायोकेमिस्ट मायकेल बीही. रोगप्रतिकारशक्ती कशी उत्क्रांत झाली याला विज्ञानाकडे उत्तर नाही असं त्यांचं म्हणणं, तर पालकांच्या वकिलांनी त्याच विषयावरचे ५८ शोधनिबंध आणि वर पुस्तकं त्यांच्यासमोर ठेवली, तरी ते म्हणाले हे पुरेसं नाही. त्यांच्या व्याख्येने ज्योतिषही सायंटिफिक थिअरी ठरेल हेही त्यांनी मान्य केलं. न्यायाधीश जॉन जोन्स हे रिपब्लिकन या उजव्या विचारांच्या पक्षाचे, राष्ट्राध्यक्ष बुश यांनीच नेमलेले, त्यांनी २० डिसेंबर २००५ ला १३९ पानी निकाल दिला की इंटेलिजंट डिझाइन हे विज्ञान नाही.

आणि डोळ्याचं म्हणाल तर मधल्या पायऱ्या आजही जिवंत आहेत हो. प्लॅनेरिया या चपट्या कृमीचा डोळा म्हणजे उजेड कुठून येतो तेवढं कळणारा छोटासा खळगा, नॉटिलस या शंखातल्या समुद्री प्राण्याच्या डोळ्याला भिंगच नाही, नुसतं बारीक भोक, तरी दोघांचं चाललंय. आपल्या डोळ्यात नसा रेटिनाच्या (डोळ्यातल्या पडद्याच्या) पुढून जातात म्हणून आंधळा बिंदू, म्हणजे काहीच न दिसणारी जागा तयार होते, ऑक्टोपसला ती नाही. मग हुशार रचनाकाराने असा दोष आपल्यातच का ठेवला? आणि "आपोआप" कोणी म्हणतच नाहीये, बदल योगायोगाने होतात पण टिकतात ते निसर्गाच्या निवडीने.

देव मानायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, मिलर मानतातच. पण विज्ञानाच्या तासाला बाजू मांडायची तर आधी पुरावा आणावा लागतो. उलट आपल्याकडे काळजी वेगळीच आहे. एनसीईआरटी या केंद्राच्या पाठ्यपुस्तकं काढणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये दहावीच्या सायन्समधून उत्क्रांतीचा भाग काढला, आता बारावीला बायोलॉजी घेणाऱ्यांनाच तो मिळतो, म्हणजे कॉमर्स-आर्ट्सची मुलं गेलीच. १८०० हून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी विरोध केला. आपल्या बालभारतीच्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये मात्र पहिलाच धडा "आनुवंशिकता व उत्क्रांती" आहे, पेरीपॅटस, लंगफिश असे दोन गटांना जोडणारे प्राणी सगळे आहेत त्यात. पुस्तकं बदलतील तेव्हा त्या धड्याला कात्री लागू नये यासाठी तुमच्या पेपरने आत्तापासूनच लक्ष ठेवावं ही कळकळीची विनंती.

आपला,
एक नियमित वाचक